मायना काय घालू? विठोबाला रोजचं पत्र लिहायला बसण्याआधी

चांगदेवांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने थोर. 'तीर्थरूप' लिहावं, तर समोर कोवळा पोरगा. शेवटी कोराच कागद पाठवून दिला. चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याचं सांगतात. त्या कोऱ्या कागदाला ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं, तीच 'चांगदेव पासष्टी'.

ही गोष्ट मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटायची. बारा वर्षांपूर्वी चातुर्मासाचा नेम म्हणून मी देवासाठी वही घालून बसले, तेव्हा पहिल्या रात्री माझाही अर्धा तास मायन्यातच गेला. कांदा-लसूण सोडायचा नेम दोन वर्षं मोडला होता (घरात तिघांचे तीन डबे करायचे असले की आपला वेगळा स्वयंपाक राहून जातो), म्हणून या वेळी लिहिण्याचा नेम धरला. तो टिकला. आता ओळखीतल्या बायका आणि एक-दोन पुरुषमंडळीही विचारतात की सुरुवात कशी करायची. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगितलेलं इथे एकत्र लिहिते आहे.

आजकाल याला जर्नलिंग म्हणतात आणि आध्यात्मिक डायरी असंही म्हणतात. माझ्या मते यातला 'डायरी' शब्द घोटाळा करतो. डायरीत आपण देवाविषयी लिहायला लागतो, आणि देवाविषयी लिहिताना प्रत्येकाच्या अंगात थोडासा प्रवचनकार संचारतो. पत्र असलं की तसं होत नाही. वारीला स्वतः जाता आलं नाही तेव्हा तुकोबांनी पंढरपूरला निघालेल्या संतांच्या हाती पांडुरंगाला पत्र दिलं होतं. त्या पत्राचे अभंग गाथेत आहेत. तेव्हा ही काही परदेशातून आलेली टूम नाही.

वही

नव्या वर्षाची छापील डायरी घेऊ नका. तीत रोजचं पान तारखेसकट तयार असतं, आणि चार दिवस चुकले की ती चार कोरी पानं रोज तोंडाकडे बघत बसतात. शाळेच्या मुलांची दोनशे पानी एकरेघी वही घ्या. तारीख आपण घालायची.

लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान पूर्ण कोरं ठेवायचं. अर्धी वही वाया जाते असं वाटेल. माझ्या सासूबाई असत्या तर पाठकोऱ्या कागदाचं हे हाल बघून त्यांनी मला दारात उभं केलं असतं. पण डाव्या पानाचं काम पुढे आहे, आणि सगळ्या पद्धतीत मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पेन कुठलंही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षर कसं घोटून सुंदर करावं, बरू कसे आणावेत, इतकं बारीक समर्थांनी सांगितलंय. ते ग्रंथ उतरवून घेणाऱ्यांसाठी. या वहीत अक्षर सुधारायला जाल तर मजकूरही सुधारून लिहायला लागाल. गिचमिड चालेल. माझं तर मलाच कधी कधी लागत नाही.

वेळ आणि मुदत

मी रात्री लिहिते, ओटा पुसून, दूध विरजून झालं की. दहा मिनिटं, अर्धं पान. काहींना पहाटे जमतं, पण नवख्यांना मी रात्रच सुचवते. पहाटे सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं, त्यामुळे माणूस संकल्प लिहायला लागतो.

एकदम आयुष्यभराचा नेम धरू नका. या एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत, एवढाच धरा. पंधरवडा जमला तर पुढचा. आषाढीला सुरुवात करून कार्तिकीपर्यंत नेलंत तर चातुर्मासही साधेल. देव त्या काळात शेषावर निजलेला असतो म्हणतात. मला ते सोयीचं वाटतं. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसून बोलताना आपण जरा खरं बोलतो.

मायना

आता चांगदेवांची अडचण. माझं उत्तर सोपं आहे: ठेच लागल्यावर तोंडातून ज्याचं नाव निघतं, तोच तुमचा मायना. कुणाचं 'आई गं' निघेल, कुणाचं 'अरे देवा', कुणाचं 'दत्ता', 'स्वामी', 'येशू'. माझं 'विठोबा' निघतं, कारण वडिलांचं निघायचं. 'हे सच्चिदानंद परब्रह्मा' असं ठेच लागल्यावर म्हणणारं कुणी अजून मला भेटलेलं नाही. तसं भेटलं तर त्यांनी खुशाल तो मायना घालावा.

आणि 'तू' लिहा. मराठीत आईला 'तू' आणि देवाला 'तू', हे आपलं भाग्यच आहे. जनाबाई तर त्याला 'अरे विठ्या' म्हणून हाक मारते आणि पुढे 'कारट्या'ही म्हणते. पहिल्या आठवड्यात तिथपर्यंत जायची गरज नाही. पण 'आपल्या चरणी नम्र विनंती' असं लिहायला लागलात की तो कचेरीतला अर्ज होतो आणि अर्जात कुणी मनातलं लिहीत नाही.

मजकूर: सगळी मेख इथे आहे

पहिल्या आठवड्यातलं माझं एक पान जसंच्या तसं देते.

'हे पांडुरंगा, आज मन खूप प्रसन्न होते. तुझ्या कृपेची अनुभूती आली. सर्वांचे कल्याण कर. माझ्या हातून सत्कर्म घडू दे.'

यात खोटं काही नाही. पण हे कुणीही, कुठल्याही दिवशी लिहू शकलं असतं. त्या दिवशी काय झालं होतं ते मला आज आठवत नाही आणि वहीही सांगत नाही. आता हे तीन महिन्यांनंतरचं:

'विठोबा, सकाळी सातला गॅस संपला आणि मी सुनेवर ओरडले. नंबर लावायचा माझ्याच लक्षात राहिला नव्हता. ती काही बोलली नाही, त्याचं जास्त लागलं. संध्याकाळी तिनेच चहा केला, माझ्या कपात साखर नेहमीसारखी कमी. तुला सांगतेय. तिला अजून सांगितलेलं नाही.'

या पानात भक्तीचा एकही शब्द नाही. पण देवाला सांगण्यासारखं त्या दिवशी जे होतं ते सगळं यात आलंय.

तेव्हा रोज दोनच गोष्टी लिहायच्या. एक, आज घडलेलं काहीतरी, इतकं नेमकं की त्यात एखादी वस्तू, वेळ किंवा जागा येईल. दुसरी, त्या घटनेतलं असं काहीतरी जे आज कुणाला सांगितलं नाही. दुसरी गोष्ट एका ओळीची असली तरी पुरे. सापडली नाही तर पहिलीच लिहा, दुसरी बहुधा लिहिता लिहिता डोकं वर काढते.

आभार मानायचे तर तेही असेच. 'निरोगी ठेवलंस' म्हणजे काहीच नाही. 'आज तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघा बोलला नाही' हे झालं आभार. मागायचं असेल तर संकोच न करता मागा, फक्त काय हवं ते स्पष्ट लिहा, कारण पुढे ते तपासायचं आहे. 'सर्व सुरळीत होऊ दे' हे कसं तपासणार?

रागही लिहा. नवख्यांना याचीच भीती वाटते, की देवाच्या वहीत वाकडं कसं लिहायचं. गाथा उघडून बघा, तुकोबांनी देवाला किती ठिकाणी धारेवर धरलंय. आपल्या परंपरेत देवाशी भांडण हा भक्तीचाच एक प्रकार आहे. अबोला मात्र वाईट.

एक गोष्ट मात्र करू नका, आणि हे मी पोळून निघून सांगते. देवाचं उत्तर स्वतः लिहू नका. पहिल्या वर्षी मी तेही करायचे. माझं पत्र झालं की खाली 'बाळ' अशी सुरुवात करून विठोबाचं उत्तर. फार गोड वाटायचं. मग एकदा सलग वाचताना लक्षात आलं की जावेशी झालेल्या प्रत्येक भांडणात विठोबा माझ्याच बाजूने बोलला होता. सातच्या सात वेळा! युगानुयुगं विटेवर गप्प उभ्या असलेल्या देवाला मी वर्षभर माझा वकील करून ठेवलं होतं. त्या दिवसापासून पत्र संपलं की पेन खाली ठेवायचं आणि मिनिटभर काही न करता बसायचं, एवढंच ठेवलंय.

काहीच सुचत नाही तेव्हा

हे होणारच. त्यावर दोन उपाय, दोन वेगळ्या घरांतले.

एक आपल्याकडचा जुना, लिखित जप. अनेक घरांत नामाच्या वह्या असतात; गोंदवलेकर महाराजांच्या माणसांकडे 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरी मंत्राच्या तर हमखास. तो जप मोजून करायचा असतो आणि त्याची वही वेगळी. इथे मोजायचं नाही. शब्द फुटत नसतील तर नाव लिहायचं, चार ओळी, सहा ओळी. कधी चौथ्या ओळीनंतर आपोआप वाक्य सुरू होतं, कधी होत नाही. वडील गेले त्या आठवड्यात माझ्या वहीत फक्त 'विठ्ठल विठ्ठल' आहे. ती पानं मी आजही उघडून बघते, आणि त्या आठवड्याचं मला सगळं आठवतं.

दुसरा उपाय वसईच्या माझ्या ख्रिस्ती मैत्रिणीकडून कळला. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिवसाच्या तपासणीची पाच पायऱ्यांची रीत घालून दिली: आधी देवाचे आभार, मग आपलं चुकलेलं दिसावं म्हणून प्रकाश मागायचा, मग उठल्यापासून तासातासाने दिवस तपासायचा, मग क्षमा, मग उद्यासाठी निश्चय. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर दिवसाच्या नावाने रेघा आखायच्या आणि जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यायचे, असंही त्यांनी सांगितलंय. ते स्वतः वही ठेवायचे. त्यांच्या 1544-45 सालच्या टिपणांचा काही भाग शिल्लक आहे, आणि त्यात प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांत पाणी आल्याची नोंद पुन्हा पुन्हा येते. इतक्या शिस्तीचा माणूस आणि वहीत अश्रूंचा हिशेब, हे ऐकून मला तो एकदम घरातला वाटला.

मी यातली तिसरी पायरी उचलली. सुचत नसेल तेव्हा सकाळपासून तासातासाने मागे जायचं. दूधवाला, आंघोळ, भाजी, बँक, दुपारचा डुलका. कुठेतरी मन जरा अडखळतं. तिथेच लिहायचं. ठिपक्यांचा प्रयोगही केला, टोचून बोलण्यावर. पहिल्या दिवशी नऊ ठिपके पडल्यावर मी तो प्रकार काही काळ स्थगित केला.

एकादशीला डावं पान

आता कोऱ्या पानाकडे. दर एकादशीला नवं पत्र लिहायचं नाही. मागच्या पंधरवड्याची उजवी पानं सावकाश वाचायची आणि डाव्या पानावर, समोरासमोर, आज जे कळतंय ते लिहायचं. उजवीकडचं काही खोडायचं नाही, खाडाखोड करून आपली बाजू सावरायची नाही.

गॅसच्या त्या पानासमोर अकरा दिवसांनी मी लिहिलंय: 'सांगितलं. हसली. म्हणाली, आई, नंबर तर मलाही लावता आला असता.' एका पानावर एका नातलगाच्या नोकरीसाठी केलेली मागणी आहे आणि डावीकडे, वर्षभराने, 'मिळाली नाही. आता तो दुसरंच करतो आणि बरा आहे.' एकाच माणसाविषयीची एकच तक्रार चार महिन्यांत नऊ वेळा सापडली, तेव्हा डावीकडे फक्त 'पुन्हा?' लिहिलं. काही पानांसमोर तर काहीच लिहिता येत नाही. भावाशी वाटणीवरून बोलणं तुटलं, त्या रात्रीच्या पत्रासमोर डावं पान गेली सहा वर्षं कोरं आहे. दर आषाढीला उघडते आणि मिटते.

लोक विचारतात, मग देव जवळ आला का? साक्षात्कार वगैरे काही नाही. पण पहिल्या चातुर्मासाच्या शेवटी शेवटी एक फरक जाणवला. मंडईत एका भाजीवालीने मला पैसे जास्त परत दिले, मी दोन पावलं पुढे गेले आणि मनात आलं, हे रात्री त्याला सांगावं लागणार. मागे वळून पैसे दिले. पुढे पुढे रात्रीपर्यंतही थांबायची गरज उरली नाही, बसमध्ये, भांडी घासताना, तिथल्या तिथे बोलणं व्हायला लागलं. वहीतली पत्रं त्यामुळे आखूड होत गेली. मला वाटतं ती तशीच व्हायला हवीत.

खंड पडला तर

पडू दे. मागचे दिवस भरून काढू नका, आठवून आठवून लिहिलेलं निम्मं बनावट असतं. माफीनाम्यानेही सुरुवात नको. आजची तारीख, मायना, आजची गोष्ट.

हात थरथरत असेल तर फोनवर बोलून ठेवा. माझ्या एका मावशींनी तसं केलंय. त्यांचं म्हणणं, स्वतःचा आवाज ऐकून खोटं लगेच कळतं. परदेशात वाढलेली आपली मुलं मराठी बोलतात पण देवनागरी लिहायला कचरतात. त्यांनी रोमनमध्ये लिहावं, त्याचं काही बिघडत नाही.

मात्र रोज तेच तेच काळं लिहून होत असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटतंय असं वहीत यायला लागलं असेल, तर ते पान घरातल्या एखाद्या माणसाला दाखवा आणि डॉक्टरांकडे जा. त्यासाठी एकादशीची वाट पाहू नका.

वही कुणी वाचली तर

माझी वाचली गेली. एका दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना धाकट्या पुतण्याला ती कपाटात सापडली आणि त्याने फराळाच्या वेळी मोठ्याने, किर्तनकाराच्या सुरात, वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत जाऊ होती. ती समोरच चकली खात होती. पुढचं सांगत नाही. एवढंच, की त्या भाऊबिजेला घरात फार शांतता होती.

तेव्हापासून नियम तीन. वही देवघरात ठेवायची नाही, तिथे सगळ्यांचा हात जातो. माझी वाळवणाच्या चादरींखाली असते. माणसांची नावं लिहायची नाहीत, 'ती', 'थोरले', 'वरच्या मजल्यावरच्या' एवढं आपल्याला पुरतं, आणि विठोबाला तर पुरतंच. तिसरा, घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की मी अशी वही लिहिते आणि ती वाचायची नाही. लपवण्यापेक्षा सांगितलेलं जास्त टिकतं. गंमत म्हणजे त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी जावेनेच मला विचारलं, वही दोनशे पानीच घ्यायची का.

भरलेल्या वह्यांचं काय

गाथा इंद्रायणीत गेली होती म्हणून वह्या नदीत सोडायचं मनात आणू नका. ती गाथा तेरा दिवसांनी तरली असं म्हणतात. आपली तरणार नाही, आणि इंद्रायणीच्या पाण्यावर आज फेस तरंगताना दिसतो, त्यात आपली भर कशाला. रद्दीतही देऊ नका, वाण्याच्या पुडीवरून आपलं पत्र शेजारी जायचं.

मी काय करते: वहीच्या पिना काढायच्या, पानं हाताने फाडून बादलीत रात्रभर भिजत घालायची, सकाळी लगदा पिळून कुंड्यांच्या खतात मिसळायचा. माझ्या सात वह्या अशा गेल्या. मोगऱ्याला त्या मानवल्या. एक वही मात्र अजून चादरींखालीच आहे, तिच्यातलं एक डावं पान अजून लिहायचं राहिलंय.